बरणीबाई

माझ्या वहिनीला घेऊन कुणाकडे जायचं म्हणजे मला धडकीच भरायची. आपण बसतो, कुणी पाणी आणून देतं, ख्यालीखुशाली सुरू होते, आणि एवढ्यात ही बाई गायब. शोधावं तर ती त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजमागे वाकलेली. फ्रिजच्या मागे खालच्या अंगाला एक ट्रे असतो आणि त्यात पाणी साचतं, हे त्या घरातल्या कर्त्या माणसांनाही ठाऊक नसायचं. वहिनी तो ट्रे ओढून काढायची, नळाखाली खसाखसा घासायची, जागच्या जागी बसवायची आणि काही घडलंच नाही अशा थाटात येऊन चहाचा कप उचलायची. दादाच्या वरिष्ठांकडे जेवायला गेलो होतो, तेव्हा तिनं फुलदाणीतलं पाणी यजमानांच्या देखत खिडकीबाहेर ओतलं. फुलं मात्र टेबलावर नीट मांडून ठेवली, तेवढी रीत तिला होती. घरी येईपर्यंत दादा तिच्याशी बोलला नाही. मी बोलले, पण ते बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही.

मी तिची नणंद. लग्न केलं नाही, खिडकीशी शिलाई मशीन मांडून बसले आणि दादाच्या घरातच राहिले. माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात, आणि सगळेच म्हणतात तर खरं असेल. आजकाल नणंदेला ‘वन्सं’ कोण म्हणतं? पण वहिनी म्हणायची, आणि अशा सुरात म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, काय हा मान! आणि मला तेवढं कळावं की ही माझी खेचते आहे. आमचं पटायचं. भांडण झालं नाही असा आठवडा जायचा नाही, पण पटायचं.

ती शहराच्या आरोग्य खात्यात होती. काम काय, तर डास मोजणं. हे ऐकून प्रत्येक जण एकदा तरी हसायचा आणि प्रत्येकाला वाटायचं की हा विनोद आपल्यालाच सुचला: “म्हणजे कसं, एक, दोन, तीन?” दादा बस डेपोत मेकॅनिक. तो मित्रांना सांगायचा, “बायको डास मोजते, मी दिवस मोजतो.” वहिनी स्वतःही हसायची. पण काम ती चेष्टेवारी नेत नसे.

ते काम नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. खात्यानं तिला काळ्या रंगाच्या प्लॅस्टिकच्या बरण्या दिल्या होत्या, हातभर उंचीच्याही नव्हत्या. बरणीत अर्ध्यापर्यंत पाणी, आणि काठाला आतून चिकटवलेली खरखरीत कापडाची एक पट्टी. अशी बरणी घरातल्या अंधाऱ्या, थंड कोपऱ्यात ठेवायची. डेंग्यूचा डास असतो ना, त्याच्या मादीला अशीच जागा हवी असते: काळं भांडं, स्वच्छ पाणी, शेजारी माणसं. ती येते आणि पाण्याच्या जरा वर, त्या ओल्या पट्टीवर अंडी घालते. वहिनीनं दर आठवड्याला जायचं, पट्टी काढून घ्यायची, पाणी ओतून द्यायचं, बरणी घासायची, नवं पाणी, नवी पट्टी. पट्टी कचेरीत मायक्रोस्कोपखाली जायची आणि तिथे अंडी मोजायचे. कुठल्या गल्लीत अंडी वाढली ते कळलं की ताप पसरायच्या आधी तिथे माणसं पाठवता यायची.

म्हणजे बरणी डास मारत नाही की पळवत नाही. ती डासाला बोलावते आणि तो किती संख्येनं आला ते सांगते. आणि आठवड्याच्या वर ती तशीच राहिली, तर अंड्यातून अळ्या, अळ्यांतून डास. मग ती बरणी म्हणजे खात्यानं खात्याच्या खर्चानं घातलेला डासांचा पाळणा. वहिनी आजारी पडली तरी बरण्या चुकवत नसे. एकदा मुरगळलेला पाय घेऊन लंगडत गेली होती. मी म्हणाले, “एक दिवस नाही गेलीस तर शहर बुडणार आहे का?” तर म्हणाली, “वन्सं, शहराचं माहीत नाही, मी बुडेन.”

अवघड गोष्ट होती ती दारं. लोक दार उघडायचे नाहीत. सरकारी ओळखपत्र गळ्यात असलेली बाई, हातात पिशवी, आणि म्हणते काय तर तुमच्या घरात पाण्याचं भांडं ठेवते, त्यात डास अंडी घालतील. कोण उघडेल? मी तरी उघडलं नसतं.

बाजाराच्या पलीकडे एक अरुंद गल्ली आहे. तिच्या तोंडाशी एका इस्त्रीवाल्याचं दुकान, पुढे दुकान आणि मागच्या एका खोलीत बिऱ्हाड. गल्लीत त्याचा शब्द चालायचा, कारण सगळ्यांचे कपडे त्याच्याकडे आणि सगळ्यांच्या भानगडी त्याला ठाऊक. त्यानं वहिनीला दारातूनच वाटेला लावलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तिनं त्याला समजावलं, मादी, अंडी, पट्टी, मायक्रोस्कोप. तो इस्त्री फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, “बाई, डास मोजून आम्हाला काय मिळणार? मारायचं असेल तर बोला.”

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं आणि गल्लीतलं एकही दार उघडलं नव्हतं. वहिनी वैतागली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, “अहो, ही बरणी तुमच्या घराची राखण करते. घरात असली की ताप यायचा नाही. फक्त तिला हात लावायचा नाही.”

इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी केली. बरणी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, “मग हे आधी नाही का सांगायचं?”

संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली उघडली होती.

घरी येऊन तिनं हे मला सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले. “वा! सरकारी ताईत!” वहिनी हसली नाही. चेहरा धुतला, टॉवेल हातात तसाच घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, “खरं सांगून बघितलं ना. खरं ऐकायला वेळ कुणाला आहे? आणि मी दर आठवड्याला जाणारच आहे. मी जाते आहे तोवर काय बिघडतंय?” दादा म्हणाला, बरोबर आहे. मलाही त्यात वावगं काही दिसलं नाही. दादाच्या भाषेत सांगायचं तर, गाडी सुरू झाली म्हणजे झालं, ती ढकलून सुरू केली की किल्लीनं, हे डेपोत कोण विचारतो?

मग तिचे दिवस बदलले. त्या गल्लीत तिचं नाव पडलं बरणीबाई. ती आली की “बरणीबाई आल्या” अशी हाक दारादारातून पुढे जायची आणि बायका पट्टी काढायला कोपरे मोकळे करून ठेवायच्या. ज्या बाईला पूर्वी पाणी कुणी विचारत नव्हतं तिला आता चहा नको म्हणता म्हणता नाकी नऊ यायचे. इस्त्रीवाला तर तिचा भक्तच झाला. एखादं नवं बिऱ्हाड आलं की आधी तोच जाऊन सांगायचा, बरणी घ्या. आणि पट्टीवर अंडी वाढली की खात्याची माणसं वेळेवर यायची, गटारं आणि टाक्या साफ व्हायच्या, त्यामुळे तापही खरोखरच कमी झाला. लोकांनी श्रेय दिलं बरणीला. आपण त्यांच्या जागी असतो तर आपणही दिलं असतं.

इस्त्रीवाल्याला दोन मुली. धाकटी शाळेत जाणारी, अबोल. थोरलीला तो ‘इंजिन’ म्हणायचा, कारण ती गप्प बसायचीच नाही, झोपेतही बोलायची म्हणे. इंजिन वडिलांबरोबर इस्त्री करायची, डावरी होती, आणि तिच्या डोक्यात एकच खूळ: गाडी चालवायला शिकायची, एक छोटी मालवाहू गाडी घ्यायची, सगळ्या शहराचे कपडे गोळा करायचे. वहिनीनं तिला माझ्याकडे पाठवलं, शर्ट शिवायला. दोन खिशांचा, खांद्यावर पट्ट्या असलेला, अगदी ट्रकवाल्यासारखा. मी म्हणाले, “अगं, गाडी कुठे आहे अजून?” तर म्हणे, “शर्ट तर हवा आधी, आत्या. गाडी मागून येईल.” मला आत्या म्हणण्याचा तिचा काही संबंध नव्हता, पण मला बरं वाटलं. शर्ट मी मन लावून शिवला. ती घालून पाहताना आरशासमोर असं काही स्टिअरिंग फिरवत होती की मशीनवर डोकं टेकून मी हसत राहिले.

खात्यात नवे साहेब आले ते त्याच सुमाराला. हुशार माणूस. बरणी म्हणजे काय हे त्यांना वहिनीपेक्षा जास्त कळत होतं, त्यावर त्यांचं शिक्षण झालेलं. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण न कळून केलेल्या चुकीला माणूस माफ तरी करतो. कचेरीच्या भिंतीवर शहराचा नकाशा होता आणि अंडी जास्त सापडलेल्या गल्ल्यांवर लाल टाचण्या. त्या वर्षी शहरात कुठलीशी मोठी परिषद भरणार होती, बाहेरून पाहुणे येणार होते, आणि नकाशा लालभडक. वरून विचारणा झाली. साहेबांनी विचार केला असणार की अंडी कमी करणं कठीण, टाचण्या कमी करणं सोपं. जिथे बरणी नाही तिथे आकडा नाही, आणि आकडा नाही तिथे डास नाही. फेऱ्या बंद झाल्या. यापुढे चौकाचौकात यंत्रं बसतील आणि तीच मोजतील, असं जाहीर झालं. वहिनीसारख्या बरण्यांचं काम करणाऱ्या बायकांना शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं, पाहुण्यांच्या रस्त्यांवर धुराच्या गाडीमागे चालायला. डोळ्यांना दिसतो तो धूर. तो पाहून लोकांना बरं वाटतं, डासांनाही फारसा त्रास होत नाही.

“आणि बरण्या?” वहिनीनं साहेबांना विचारलं.

“ठेकेदार उचलेल.”

“कधी उचलेल साहेब? आठवड्याच्या वर राहिल्या तर...”

“मला माहीत आहे काय होतं ते.”

“मी उचलते. सुट्टीच्या दिवशी जाऊन उचलते. मला घरं पाठ आहेत.”

“बाई,” साहेब म्हणाले, “काम ठेकेदाराला दिलंय. तेच काम तुम्ही केलंत तर उद्या मला जाब द्यावा लागेल. आणि तुमची कायम होण्याची फाइल माझ्याच टेबलावर आहे ना? मग कशाला?”

वहिनी हंगामी होती. कित्येक वर्षं हंगामी. दर वर्षी काम संपायचं, दर वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा कुणाच्या तरी पाया पडणं. त्या वर्षी पहिल्यांदाच तिचं नाव कायम होण्याच्या यादीत लागलं होतं. साहेबांनी आवाजसुद्धा चढवला नाही. चढवण्याची गरजच नव्हती.

घरी तिनं ताट तसंच बाजूला सारलं. मी म्हणाले, “वहिनी, पिशव्या घे. मी येते बरोबर. दोघी मिळून उद्याच्या उद्या सगळ्या रिकाम्या करून आणू. कोण बघतंय?”

“सगळी गल्ली बघते, वन्सं. मी गेले की हाका सुरू होतात. कचेरीत कळायला काय वेळ?”

“मग मी एकटी जाते.”

“तुला कोण दार उघडणार? मीच सांगून ठेवलंय, माझ्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाही.”

दादा म्हणाला, “नोकरी तुझी आहे की बरण्यांची? ठेकेदाराचं काम ठेकेदार करेल. इतकी वर्षं वाट पाहिलीस, आता घात करून घेऊ नकोस.” दादावर माझा अजून राग आहे, पण तो घर चालवणाऱ्या माणसासारखाच बोलला हेही खरं.

तिनं ठेकेदाराच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, काम चालू आहे. पुन्हा केला. तो म्हणाला, “उचलल्या सगळ्या.” वहिनीनं विचारलं, “बाजारापलीकडच्या गल्लीतल्याही?” तो म्हणाला, “सगळ्या म्हणजे सगळ्या.” तिनं फोन ठेवला आणि मोठा श्वास सोडला. ठेकेदार कसे असतात हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण ते खरं असायला हवं होतं, म्हणून तिला ते खरं वाटलं. या एका गोष्टीसाठी मी तिच्यावर मनापासून चिडले आहे, आणि या एका गोष्टीसाठीच तिला टाकून बोलायला माझी जीभ वळत नाही.

ती कायम झाली. दादानं तिला नवं घड्याळ घेतलं. परिषद थाटात पार पडली आणि नकाशावर त्या भागात एकही टाचणी उरली नाही.

मग ताप आला. आधी कुठे कुठे, मग घरटी. मशीनवर कपडे घेऊन येणाऱ्या बायका तापाशिवाय दुसरं बोलत नव्हत्या. त्यांतली एक त्या गल्लीतली. तिनं सांगितलं की इस्त्रीवाल्याची थोरली इस्पितळात आहे, पण आता काळजी नाही, कालपासून ताप पार उतरलाय. मी वहिनीला हे आनंदानं सांगायला गेले. तिचा चेहराच उतरला. “ताप उतरला? आणि पोरगी कशी आहे? बसते का? हातपाय गार आहेत का?” मला काय ठाऊक! ती पायात चपला सरकवून निघालीसुद्धा. डेंग्यूत ताप उतरतो आणि घरचे हुश्श करतात, तेव्हाच खरं संकट सुरू होतं, हे मला त्या दिवशी रस्त्यानं धावता धावता कळलं.

इस्पितळाच्या फाटकाशी इस्त्रीवाला पायरीवर बसला होता. मांडीवर इस्त्री केलेली पांढरी चादर, घडी न मोडलेली. लेकीला इस्पितळाची चुरगळलेली चादर नको म्हणून घरून घेऊन आला होता. आम्हाला पाहून उठला आणि म्हणाला, “उशीर झाला, बाई.”

साहेबांचं म्हणणं वर्तमानपत्रात छापून आलं. नागरिकांनी घरात पाणी साठवू नये, नागरिक सहकार्य करत नाहीत, खातं डोळ्यांत तेल घालून काम करत आहे. मी तो कागद मशीनचं तेल पुसायला वापरला.

वहिनी अजून खात्यात आहे. कायम आहे. धुराच्या गाडीमागे चालते, घरी येते, जेवते, झोपते. कुणाकडे गेलो तर आता बसल्या जागेवरून उठत नाही, आणि पूर्वी ज्याची मला धास्ती वाटायची त्या उठण्याची मी वाट बघते. लोक म्हणतात पोरीच्या जाण्यानं तिनं हाय खाल्ली. त्यांना अर्धंच माहीत आहे. उरलेलं अर्धं मी पाहिलं, तिच्याबरोबर त्या घरी भेटायला गेले होते तेव्हा.

दुकान बंद होतं. लोकांचे कपडे गाठोड्यांत बांधलेले तसेच पडून होते. आम्ही चपला बाहेर काढून मागच्या खोलीत गेलो. इस्त्रीवाला भिंतीला टेकून, त्याची बायको जमिनीवर, धाकटी सतरंजीवर पाय पोटाशी घेऊन आडवी. शेजारच्या दोघीतिघी बसलेल्या. भिंतीला लागून खाट होती, तिच्यावरची गादी गुंडाळलेली, आणि खाटेच्या डोक्याशी, उशी असते तिथे, स्टुलावर काळी बरणी.

वहिनी दारातच थांबली.

“ही इथे कशी?” तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

“तिच्या उशाशी आणून ठेवली होती,” इस्त्रीवाल्याची बायको म्हणाली. “ताप आला त्याच दिवशी. म्हटलं, लांब कोपऱ्यात कशाला, जवळ असू दे.”

“कुणी न्यायला आलं नाही? खात्याचं कुणी?”

“नाही ना. तुम्ही यायच्या बंद झालात. पण आम्ही काळजी घेतली हो बाई, हात लावला नाही. पाणी आटलं की तेवढं भरायचो. एक दिवस चुकवला नाही.”

पट्टीवरची अंडी कोरडी असतात तोवर नुसती पडून राहतात. पाणी वर चढून त्यांना लागलं की ती फुटतात. ही माणसं रोज, न चुकता, काठोकाठ पाणी भरत होती.

वहिनी स्टुलाशी गेली आणि वाकली. मीही मागून डोकावले. पाण्यात अळ्या वळवळत होत्या, वर येत होत्या, खाली जात होत्या. तिनं विचारलं, “बाकीच्यांकडेही आहेत?”

“सगळ्यांकडे,” शेजारीण म्हणाली. “ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांनी रंगाचे डबे काळे करून ठेवलेत. यांनीच सांगितलं,” आणि तिनं इस्त्रीवाल्याकडे बोट केलं. “ताप सुरू झाल्यावर आम्ही दोन दोन ठेवल्या.”

मला वाटलं, वहिनी, आता काही बोलू नकोस. आज नको. या खोलीत नको. पण आज नाही तर कधी? त्या घडीला गल्लीतल्या प्रत्येक घरात, माणसांच्या उशाशी, हेच चाललं होतं. ती जमिनीवर बसली, इस्त्रीवाल्याच्या समोर, आणि सगळं सांगितलं. काही म्हणजे काही लपवलं नाही.

“ही बरणी राखण करत नाही. ही डासांना बोलावते. मी दर आठवड्याला ओतून टाकत होते म्हणून चालत होतं. मी यायची बंद झाले आणि यातूनच डास निघाले. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं, दार उघडावं म्हणून. आणि बरण्या न्यायला मी यायला हवं होतं, नोकरीसाठी आले नाही. पोर गेली ती माझ्यामुळे गेली.”

तो उठून मारेल असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं, दोघांसाठीही.

इस्त्रीवाला पुढे वाकून, धाकट्या बहिणीची समजूत घालावी तसं म्हणाला, “बाई, तुमचा जीव होता तिच्यावर. मनाला लागलंय तुमच्या. म्हणून स्वतःला असा बोल लावून घेऊ नका.”

“अहो, मी खरं सांगते आहे!”

“आम्ही काय बघितलं नाही का? तुम्ही येत होतात तोवर गल्लीत ताप नव्हता. तुम्ही यायच्या बंद झालात आणि सुरू झाला. तुमच्या हाताला गुण होता, आम्हाला तो साधला नाही. पाणी कमी पडलं असेल आमचं, दुसरं काय.”

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. असं हतबल मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मग ती उठली, स्टुलावरची बरणी उचलली आणि सगळं पाणी मोरीत ओतलं, बरणी आपटून आपटून रिकामी केली. बायका किंचाळल्या. इस्त्रीवाल्याची बायको मध्ये धावली. “बाई, घरात अजून एक लेक आहे माझी! ती तरी राहू द्या!” वहिनी बरणी तिथेच टाकून तशीच बाहेर पडली, शेजारच्या दारावर थापा मारू लागली, “बरण्या ओता! डबे ओता सगळे!” पण गडबड तिच्या आधी पोचली होती. दारं एकामागून एक लागत गेली. आतून एक म्हातारा ओरडला, “आता ह्या बरण्या पण काढून न्यायला हिला पाठवलंय सरकारनं! आमची पोरं मेली तरी चालतील यांना!” ज्या गल्लीनं तिला एका वाक्यावर आत घेतलं होतं, त्या गल्लीत ती अनवाणी उभी होती आणि खरं ओरडून सांगत होती.

मी तिच्या आणि माझ्या चपला गोळा करायला मागे वळले. खोलीत इस्त्रीवाल्याच्या बायकोनं बरणी उचलून फडक्यानं पुसली होती आणि ती बादलीत मग बुडवत होती.

“अहो, नका भरू,” मी म्हणाले. “पाया पडते तुमच्या. ती खरं बोलते आहे.”

“त्यांना घरी न्या, ताई, आणि जरा निजवा,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, मायाच होती. “दुःखानं त्यांचं मन थाऱ्यावर नाही. चांगल्या होत्या तेव्हा जे सांगितलं त्यांनी, ते आमच्या लक्षात आहे.”

तिनं बरणी काठोकाठ भरली, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली आणि धाकटीच्या उशाशी नेऊन ठेवली.